निळी बॅटरी आधी कापा

संपादक महोदय,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे जुने संगणक खाली येतात. काही भंगारात जातात, काही पुन्हा कापडात गुंडाळून वर ठेवले जातात. त्याआधी एक काम करा, एवढं सांगायला हे पत्र.

मी बावीस वर्षं संगणक दुरुस्त केले. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा ३८६ या जुन्या प्रोसेसरचा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, घेऊन आला. "काका, हे निळं पिंप म्हणजे कपॅसिटर ना?" नाही. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. यंत्र बंद असताना तारीख आणि सेटिंग जपणारी. इतक्या वर्षांनी ती बहुधा गळतेच आणि तिच्यातला क्षार बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या रेषा, खात सुटतो. कीबोर्डचं सॉकेट बऱ्याचदा तिच्या शेजारीच असतं, म्हणून आधी कीबोर्ड मरतो. या बोर्डावरही हिरवट पूड चढली होती. बॅटरी कापली, व्हिनेगरचा बोळा फिरवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. दोन ट्रॅक तुटलेले निघाले. मल्टीमीटरने टोकं शोधून बारीक तारेने जोडले.

प्रोसेसरशेजारचं रिकामं सॉकेट बघून "इथली चिप कुणीतरी काढून नेली" असं त्याला वाटत होतं. ती जागा ३८७ या गणिती कोप्रोसेसरची, म्हणजे आकडेमोडीत प्रोसेसरला मदत करणाऱ्या चिपची. तो वेगळा विकत घ्यावा लागे, म्हणून बहुतेकांच्या बोर्डावर ती रिकामीच राही. एका चिपवर ९१३४ होतं. १९९१ सालचा ३४वा आठवडा, हे कळल्यावर पोरगा प्रत्येक चिपचा जन्म वाचत बसला. वाचता वाचता त्याचं नख बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम असलेल्या चिपच्या, स्टिकरखाली गेलं आणि मी हात धरला. त्या स्टिकरखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून ऊन लागत राहिलं तर आतला प्रोग्रॅम पुसला जातो. ओळख पटेपर्यंत काहीही खरवडू नये, हे मी त्याला दोनदा बजावलं.

ई-कचरा संकलनाची आवाहनं आपण छापता. त्यांत 'मदरबोर्डवरची बॅटरी कापून वेगळी द्या' ही ओळ जरूर घालावी, कारण कॅडमियम विषारी आहे. आणि बोर्ड जपायचा असेल तर तिचे पाय कटरने आजच तोडा. नवी मिळेपर्यंत थांबू नका. बहुतेक बोर्ड तिच्याशिवायही सुरू होतात, फक्त दर वेळी सेटिंग पुन्हा भरावं लागतं.

– एक निवृत्त संगणक तंत्रज्ञ, नाशिक