ओलाव्याचा हिशेब शेतकऱ्यालाही दिसावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की खरेदी केंद्रांवर आणि बाजार समित्यांत भावाइतकीच चर्चा मालात ‘हवा’ म्हणजे ओलावा किती निघाला याची होते. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तेव्हापासून मर्यादा कायमचीच वाढवावी किंवा काढून टाकावी अशी मागणी अधूनमधून होते. ती मला पटत नाही. साठवलेला दाणा जिवंत असतो आणि श्वसन करतो. त्यात पाणी जास्त राहिले की श्वसन वाढते, थप्पी आतून तापते, बुरशी धरते आणि तेलाची आम्लता वाढते. मका आणि भुईमुगात तर अशाच ओलाव्यावर अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी पोसली जाते. हे विष नेहमीच्या शिजवण्याने पुरते नष्ट होत नाही, आणि खराब पेंड खाणाऱ्या गाई-म्हशींच्या दुधातही त्याचा अंश उतरतो.

अन्याय होतो तो ओलाव्यापोटी वजनातून केल्या जाणाऱ्या वजावटीत. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये ८५ किलो कोरडा माल असतो. तो १२ टक्क्यांवर आणला तर वजन सुमारे ९६.६ किलो भरते, म्हणजे घट जवळपास ३.४ किलोची, १८ टक्क्यांच्या मालात ती ६.८ किलोच्या आसपास जाते. वाळवण्याचा खर्च व्यापाऱ्याने वेगळा सांगावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाण्याच्या नावाखाली याहून अधिक कापले जात असेल तर तो शेतकऱ्याचा कोरडा माल आहे. उलट बाजूची तर कोणी दखलच घेत नाही. कडक उन्हात वाळून ८ टक्क्यांवर आलेल्या क्विंटलमध्ये ९२ किलो कोरडा माल असतो, जो १२ टक्क्यांच्या हिशेबाने साडेचार किलो जादा वजनाचा ठरतो, आणि त्याचा मोबदला शून्य! कापसाच्या सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा पायाभूत धरून १२ टक्क्यांपर्यंत भाव टक्केवारीने कमी होतो; म्हणजे श्रेणीवार हिशेब आपल्या यंत्रणेला अवघड नाही.

दुसरा प्रश्न मोजणीचा. केंद्रावरील ओलावा मोजणारा मीटर पाणी थेट मोजत नाही; दाण्याच्या विद्युत गुणधर्मावरून तो अंदाज बांधतो. त्यामुळे दाण्याचे तापमान, काडीकचरा आणि त्या पिकासाठी मीटरची केलेली जुळणी यांनुसार आकडा सरकतो. खात्रीची पद्धत म्हणजे नमुना ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहणे, जी प्रत्येक पोत्यासाठी शक्य नाही. पण हंगामापूर्वी प्रत्येक मीटर अशा नमुन्यांवर तपासता येतो. वजनकाट्याची पडताळणी करून मुद्रा उमटवली जाते. ज्या आकड्यावर माल स्वीकारायचा की परत पाठवायचा हे ठरते, त्या मीटरलाही तीच शिस्त लागू व्हावी.

पणन विभागाने यंदा एवढे तरी करावे: नमुना शेतकऱ्यासमोर पोत्याच्या तळापासून घ्यावा, तीन वाचनांची सरासरी पावतीवर लिहावी, वादात दुसऱ्या मीटरवर फेरमोजणी द्यावी आणि ओलाव्यानुसार घटीचा तक्ता काट्याशेजारी लावावा. माल परत न्यायची वेळ आली तर भाड्याचा दुहेरी भुर्दंड टाळण्यासाठी केंद्राच्या आवारातच वाळवणीसाठी ओटा आणि ताडपत्री मिळावी.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक वाचक, मराठवाडा