लेफ्ट-राइट वायरी पिळून जोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत घरच्या घरी स्पीकर कसा करायचा तो लेख आला होता, तो आमच्या वाड्यावरच्या दोन-तीन पोरांनी कापूनच ठेवलाय, आणि लेख चांगलाच आहे, पण त्यात हेडफोनच्या पिनेच्या लेफ्ट आणि राइट वायरी एकत्र पिळून अॅम्प्लिफायरला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या सर्किटला द्या असं जे लिहिलंय ते तेवढं दुरुस्त करून छापा हो.

दोन्ही बाजू एकत्र करायला पाहिजेत हे बरोबरच आहे. स्पीकरचा डबा एकच असला आणि त्याला फक्त लेफ्टची वायर दिली तर अर्धं गाणं गायब होतं. आता आरतीच्या एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये घुमट-शामेळ ही तालवाद्यं एका बाजूला आणि कासाळें म्हणजे झांजा दुसऱ्या बाजूला असली, तर गणपतीवरच्या माटोळीखाली बसून नुसती कासाळेंच ऐकत बसायचं काय? पण पिळून जोडलं की काय होतं, लेफ्टचं आउटपुट वर ढकलत असतं त्याच वेळी राइटचं खाली ओढत असतं आणि करंट स्पीकरकडे जायचा सोडून त्या दोघांतच फिरतो. आवाज फाटतो, आउटपुटवर फुकट लोड येतो. फोन लगेच जळत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय की!

उपाय रुपया-दोन रुपयांचा आहे. एक किलोओहमचे दोन रेझिस्टन्स, म्हणजे करंट अडवणारे छोटे तुकडे घ्यायचे, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे, एक लेफ्टच्या वायरीला, एक राइटच्या, आणि त्यांची पुढची टोकं जोडून तिथून अॅम्प्लिफायरच्या इनपुटला. दोन्हीची सरासरी मिळते, आवाज थोडा कमी होतो तो व्हॉल्यूम वाढवून भरून निघतो. पिनेवर टोकाला लेफ्ट, मधल्या रिंगला राइट आणि मुळाशी ग्राउंड. हेडफोनमध्ये किंवा लेफ्ट-राइट वेगवेगळे जोडलेल्या स्पीकरांत ही ग्राउंडची वायर सुटली ना, तर मोठी गंमत होते, लेफ्ट आणि राइटमधला फक्त फरक ऐकू येतो, म्हणजे मधोमध असलेला गायकाचा आवाज नाहीसा आणि मागची वाद्यं तेवढी विहिरीतून आल्यासारखी. पोरं मग स्पीकर बिघडला म्हणून बदलत बसतात, सोल्डर मात्र कोणी बघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे जोडकाम अॅम्प्लिफायरच्या आधीच करायचं, नंतर कधीच नाही. हल्ली सगळे तो पाच व्होल्टवर चालणारा छोटा पीएएम ८४०३ नावाचा अॅम्प्लिफायर बोर्ड घेतात, चार ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूने तीन वॉट देतो म्हणतात, मोबाईलच्या चार्जरवर चालतो, झकास आहे. पण त्याच्या स्पीकरच्या मायनस वायरी ग्राउंड नाहीत, प्लस आणि मायनस दोन्हीतून सिग्नल येतो, तेव्हा दोन्ही बाजू एकत्र करायच्या नाहीत आणि मायनस ग्राउंडला तर लावायचाच नाही, बोर्ड गेलाच समजा. एकच स्पीकर असेल तर दुसरी बाजू मोकळी सोडा, काही बिघडत नाही.

सोल्डर मारायचाच नसेल तर बहुतेक फोनमध्ये सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ आहे, एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांची सोय म्हणून दिलेलं. ते चालू केलं की दोन्हीकडे तेच येतं, मग लेफ्ट-राइटपैकी एकच वायर घेतली तरी पुरे. बाकी रेडिओवाल्यांनी हा विचार कधीच केला होता, १९६१ मध्ये अमेरिकेत एफएम स्टीरिओ, म्हणजे लेफ्ट-राइट वेगवेगळं प्रसारण मंजूर झालं तेव्हा मुख्य सिग्नलमध्ये लेफ्ट आणि राइटची बेरीजच ठेवली, फरक वेगळा पाठवला, त्यामुळे जुन्या एका स्पीकरच्या रेडिओलाही पूर्ण गाणं मिळत राहिलं.

तर चवथीच्या आधीच्या रविवारी जमलं तर दुरुस्ती छापा, आकृतीसकट. आकृती हवी असेल तर मी कागदावर काढून ऑफिसात आणून देतो, म्हापशाच्या बाजाराला शुक्रवारी येणं होतंच.

आपला,
एक वाचक, डिचोली