तुझी आई तुझी बाई होती तेव्हा

प्रिय शैले,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, वाढदिवसाच्या दिवशी तू फोन केलास तर "नंतर निवांत बोलू" म्हणून ठेवून दिला आणि तो निवांतपणा काही आला नाही. रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. घडलंय ते तसं एवढंसंच आहे. ज्यांना सांगितलं ते एक तर हसले, नाहीतर "आम्ही म्हणतच होतो" म्हणाले. तू या दोन्हींतलं काही करणार नाहीस. हसशील कदाचित, पण ते चालेल.

तब्येती ठीक. माझी पाठ होती तशीच. ह्याचा खोकला गेला.

मुलांना शाळेतून काढलं हे तुझ्यापर्यंत पोचलं असेलच, आपल्या लोकांत असली बातमी फार वेळ वाटेत रेंगाळत नाही. कारणं तुला माहीत आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. तर आता थोरली, वय वर्षे सात, आणि धाकटा, नुकताच पाच पूर्ण, दोघंही घरी, आणि शिकवते मी. ह्याच्याकडे रविवारचं गणित आहे. तो ते ऑफिसातल्या मीटिंगसारखं घेतो, शेवटी "कोणाला काही शंका?" विचारतो आणि शंका आलीच तर "पुढच्या रविवारी बघू" म्हणतो.

सुरुवातीला मी वेळापत्रक केलं होतं. रंगीत. आठ ते एक, मध्ये वीस मिनिटं सुट्टी, शनिवारी चित्रकला. तू असतीस तर लोळून हसली असतीस, कारण आठवीत अभ्यासापेक्षा अभ्यासाचं वेळापत्रक करण्यात माझा किती वेळ जायचा ते तूच पाहिलंयस. पहिल्याच दिवशी आठला बसलो आणि साडेनऊला सगळं संपलं. मला वाटलं माझंच काहीतरी राहिलं. मग हिशेब लागला. इथे हजेरी नाही, फळ्यावरचं ज्यांचं उतरवून झालं नाही त्यांच्यासाठी थांबणं नाही, वह्या गोळा करणं नाही, रांग नाही, "शांत बसा" नाही. दोनच मुलं असली की शिकवणं असं झटकन संपतं आणि दिवस मात्र तसाच उरतो. तो भरायला मी काय काय केलं ते सांगत नाही. आता सकाळी छोट्या छोट्या बैठका, कोणतीही वीस मिनिटांच्या वर नाही, आणि बाकीचा वेळ मोकळा. मोकळा म्हणजे एक टेबलाखाली आणि एक खिडकीत.

धाकट्याचं गमभन चालू आहे. ग आला की म येतो, म आला की भ येतो, आणि न आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "आता मला सगळी भाषा येते." ३ आणि ६ मात्र रोज आपापसांत जागा बदलतात. मी घाबरले होते, मग वाचलं की सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं आकडे नि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढतात आणि बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. एकोणपन्नास लिही म्हटलं की थोरली ५९ लिहिते. पन्नास ऐकू आलं, नऊही आहेच कुठेतरी, मग पाचावर नऊ. तिचं चुकतंय असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आणि बटणांचा किस्सा तुला सांगायलाच हवा. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजेचा तो प्रयोग डी.एड.च्या पेपरसाठी तू मला पाठ करून दाखवला होतास, आठवतं? मी केला घरी. दोन ओळींत सारखी बटणं मांडली, धाकट्यासमोर. सारखी आहेत म्हणाला. मग एका ओळीतली बटणं जरा लांब लांब सरकवली. लगेच म्हणाला, या ओळीत जास्त. मी म्हटलं मोज. त्याने दोन्ही ओळी मोजल्या, आकडा सारखा आला, माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "मोजली तर सारखी आहेत. पण ही जास्त आहेत." हे वय उलटलं की हे उत्तर पुन्हा मिळत नाही म्हणे, सहा-साताच्या सुमारास मुलं शहाणी होतात. मी समजावत बसले नाही. बटणं पुन्हा डब्यात टाकली आणि दिवसभर हसत होते. पियाजेने स्वतःच्या तीन पोरांनाही लहानपणी असंच निरखून पाहिलं होतं. त्या पोरांना काय वाटलं ते मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

इथून मूळ मुद्द्यावर येते, बरीच टाळाटाळ झाली.

परवा थोरलीवर मी ओरडले. हातचा घेऊन वजाबाकी, तीच ती, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. फार नाही ओरडले, वर्गात ओरडतात तेवढंच. वही मिटली, दिवस पुढे गेला. रात्री दिवा मालवल्यावर ती माझ्या अंगाला चिकटली आणि हळूच म्हणाली, "आई, आज बाई मला रागावल्या."

मी काही क्षण गप्पच. मला वाटलं टोमणा मारतेय. पण शैले, टोमणा नव्हता गं. ती मला सांगत होती. जसं शाळेतून आल्यावर सांगायची तसंच, तोच आवाज, तेच ओठ. मग मीही विचारलं, "का गं?" तिने सगळं सांगितलं, वजाबाकी, खिडकी, बाहेर कुत्रा होता तो, बाईंनी टेबलावर पट्टी कशी आपटली. (पट्टी मी आपटली नव्हती, ठेवली होती. असो, पालकांनी एकाच बाजूचं ऐकू नये.) मी म्हटलं, "बाई दमल्या असतील." ती म्हणाली, "त्या नेहमीच दमलेल्या असतात." आणि झोपली. मला झोप लागणं शक्य नव्हतं.

ह्याला सांगितलं तर म्हणाला, वा, किती हुशार आहे पोर! सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या मनावर परिणाम झालाय, शाळेत घाला परत. दोघंही खरे असतील. माझी काळजी वेगळीच आहे. त्यांना येईल का, मागे पडतील का, चार मुलांत मिसळतील का, हे लोक विचारतात ते प्रश्न मला आता फारसे छळत नाहीत. येणारा-जाणारा "सात आठे किती?" विचारतो आणि तीही आता "तुम्हाला येत नाही का?" विचारते. ते जाऊ दे. मला छळतं ते हे, की मला शाळेत कोणी बोललं की मी घरी यायचे. घर नावाची जागा होती जिथे शाळेतलं काही चालत नव्हतं. माझ्या पोरीने माझी तक्रार कोणाकडे करायची? तिने मार्ग काढला, माझीच दोन माणसं केली. पण सात वर्षांच्या मुलीला हे करायला लागावं का? आणि धाकटा तर तेही करत नाही. तो नुसता टेबलाखाली जातो.

मी मोठमोठ्या लोकांकडे उत्तर शोधायला गेले. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहानांची शाळा, काढलं, जगाला मुलं कळू लागली, आणि तेव्हा त्यांचा स्वतःचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्यांच्या घरी वाढत होता. लग्न न करता झालेलं मूल, त्या काळात जवळ ठेवता आलं नाही. पुढे मोठा झाल्यावर तो आईकडे आला आणि जन्मभर तिच्याच कामात राहिला. म्हणजे तिथे आधी बाई आणि मग आई. जॉन होल्ट, ज्याने १९७७ मध्ये घरीच शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं आणि ज्याचं नाव हा हल्ली उठता-बसता घेतो, त्याने लग्नच केलं नाही, मूल नाही. हे मी ह्याच्या तोंडावर फेकलं तेव्हा दोन दिवस होल्ट बंद होता. राहिले गिजुभाई. तुझ्या आईचे लाडके. वकिली करत होते, मुलगा झाला, त्याला शिकवायचं कसं या विचारात वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं राहिलं. लोक त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, मिशीवाली आई. मला हेवाच वाटला. शिक्षकाला आई म्हटलं की गौरव, आणि आईला बाई म्हटलं की रात्रीची झोप जाते.

तर गिजुभाईही कामाचे नाहीत. म्हणून तुझ्याकडे आले. माझ्या ओळखीत तू एकटी आहेस जिची आई तिची बाई होती. चौथीपर्यंत वर्गात आणि पुढे आठवीत मराठीला. तू तिला वर्गात "बाई" म्हणायचीस, आमच्यापेक्षाही जास्त अदबीने. शाळा सुटली की ती पुढे आणि तू दहा पावलं मागे, माझ्याबरोबर, ओळख नसल्यासारखी. आणि दवाखान्याच्या वळणावर पोचलं की तू मला न सांगता पळत सुटायचीस आणि तिचा हात धरायचीस. मला तेव्हा राग यायचा, अर्ध्या वाक्यात सोडून जायचीस म्हणून. तुम्हाला ते वळण होतं, शैले. आमच्या घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला वळणसुद्धा लागत नाही.

आणि आता आठवीचं भांडण. "तुला काय, पेपर घरीच असतो" असं मी म्हणाले होते आणि सहामाहीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत आपण बोललो नाही. परवा थोरलीची वही तपासताना माझ्या लक्षात आलं की जे अक्षर मी धाकट्याला "छान" म्हणून सोडलं असतं, शेजारच्या मुलीला तर दोन चांदण्या दिल्या असत्या, त्याच अक्षरासाठी थोरलीला "पुन्हा लिही" लिहिलं. बाईंनी तुझा अर्धा मार्क अनुस्वारासाठी कापला होता आणि माझा तोच अनुस्वार त्यांना दिसलाच नव्हता. हे तू तेव्हाच सांगत होतीस. माफी मागत नाही, कारण माझी कंपासपेटी तू अजून परत केलेली नाहीस, आणि निबंधात तुला पैकीच्या पैकी कसे मिळाले ते मला आजही पटलेलं नाही.

ह्याने उपाय सुचवलाय की शिकवताना मी वेगळी ओढणी घ्यावी, म्हणजे ओढणी असली की बाई, काढली की आई. मी म्हटलं, आणि तू काय घालणार? तर म्हणाला, मी रविवारीच असतो, मला लागत नाही. दुसरा उपाय मी स्वतः करून पाहिला, थोरलीला म्हटलं तूच धाकट्याला शिकव थोडं. तिने त्याला गमभन शिकवलं, फार सुंदर शिकवलं खरं सांगू का, आणि तो चुकल्यावर हुबेहूब माझ्या आवाजात ओरडली. धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताईबाई रागावल्या." म्हणजे आता घरात दोन बाई आहेत आणि एकच आई.

शाळेत परत घालणार नाही, हे आत्ताच सांगते, तू तो मुद्दा काढू नकोस. सकाळचं पोट दुखणं थांबलंय तिचं. परवा मुंग्यांच्या रांगेजवळ ती किती वेळ बसली होती, मी मुद्दाम घड्याळ पाहिलं नाही. एवढ्यासाठी मी बाई व्हायला तयार आहे. मला फक्त विचारायचंय की तुला कसं होतं ते. वळणाच्या आधी तू मागून तिच्या पाठीकडे बघायचीस तेव्हा ती तुला कोण वाटायची? आणि तू कधी तिच्याकडेच तिची तक्रार केली होतीस का? आईला मुलीने सांगितलेलं आणि बाईंच्या कानावर न गेलेलं असं काही होतं का तुमच्यात? आज रात्री थोरली पुन्हा सांगायला आली तर मी ऐकत राहू की "अगं, ती मीच" म्हणू? मला वाटतं ऐकत राहावं. पण मला वाटण्याचं काय, मला तर वेळापत्रकही रंगीत करावंसं वाटलं होतं.

तुझ्या बदलीचं झालं का? नवीन जागेत सामान लागलं? लेकाच्या निकालाबद्दल अभिनंदन, उशिराने, आणि त्याला म्हणावं मावशीला विसरू नकोस. गुडघ्याचं मनावर घे, नुसतं तेल लावून काही होत नाही. तू गाणं पुन्हा सुरू केलंस हे दुसऱ्या पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस, त्याबद्दल सविस्तर लिही.

फोन करू नकोस. फोनवर तू विषय बदलतेस आणि मी बदलू देते. लिहूनच पाठव. बाईंनाही विचार हवं तर, त्यांना त्यांच्या बाजूने कसं वाटत होतं ते. मलाही कळू दे. फक्त हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस. उत्तर राहील बाजूला, आधी लाल पेन शोधतील.

तुझी,
नलू