तीन रात्रींचे पाहुणे

कोल्हापूर,
12 नोव्हेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता येथे सुखरूप आहोत. आज रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून उद्या पहाटे कल्याणला उतरू. तू फोनवर दोनदा विचारलेस की तिथे कसे वाटते आहे, आणि दोन्ही वेळा मी ‘बरे आहे’ एवढेच म्हणाले, कारण घरच्या बाई शेजारच्याच खोलीत होत्या आणि मला जे सांगायचे होते ते दोन वाक्यांत मावणारे नव्हते. आपल्या शुक्रवार पेठेतल्या बंद घराच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याचा तू जो आराखडा केला आहेस, त्याविषयी आता माझे मत बनले आहे. ते नीट मांडावे म्हणून सकाळची आवराआवर झाल्यावर इथल्या गॅलरीत बसून हे पत्र लिहीत आहे.

तू आमच्यासाठी ही खोली ठरवलीस तेव्हा मला राग आला होता, हे आधी सांगून टाकते. ज्या गावात मी सून म्हणून आले, जिथे आपले स्वतःचे घर आहे आणि तुझ्या आत्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे पैसे भरून परक्याच्या घरी झोपायचे, ही कल्पनाच मला सोसवेना. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आपल्या सोप्यात पंधरा-वीस माणसे वळकट्या टाकून झोपलेली मी पाहिली आहेत, पहाटे त्यांच्यासाठी बंब पेटवला आहे, आणि त्यांतल्या निम्म्यांचे आपल्याशी नाते काय, हे मला अजूनही सांगता येणार नाही. आत्याला कळले तेव्हा त्या फोनवर एवढेच म्हणाल्या, “आमच्या घराला काय कुलूप लागलं हुतं व्हय?” त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम महिना झाला आहे, आणि आम्ही तिथे उतरलो असतो तर आमच्या चहासाठी त्या काठी टेकत पाचला उठल्या असत्या, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. काल दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मी हे स्पष्ट बोलून दाखवले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण माझ्या पानात तुपाची धार जरा जास्तच सोडली, तेव्हा राग उतरला असावा असे मी धरून चालले आहे.

हे घर रंकाळा तलावापासून चालत पाच मिनिटांवर आहे. नवरा-बायको दोघेही बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी परदेशी, वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी. गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास आली आणि नियमाप्रमाणे खोली दुपारी बारानंतरच मिळायची होती, पण बाईंनी आम्हांला फाटकातच पाहिले, म्हणाल्या, “आधी आंघुळी करून घ्या, नियम मागनं बघू.” खोलीत सोलापुरी चादरी, झाकण घातलेला तांब्या आणि दाराच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद होता. गीझरचे बटण कोणते, नळाला पाणी किती वाजता येते, जिन्यावरचा दिवा रात्री चालू ठेवावा, आणि खाली, नंतर सुचल्यासारखे वेगळ्या शाईत, ‘रात्री काही लागले तर हाक मारावी, आमची झोप सावध आहे.’

त्या शेवटच्या ओळीचा प्रत्यय पहिल्याच रात्री आला. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या गर्दीतून परतायला आम्हांला उशीर झाला होता. (मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, हे तुला लहानपणी कडेवर घेऊन मी दाखवत असे. तुला ते आठवणार नाही.) अकराच्या पुढे तुझे बाबा तोंड धुवायला गेले आणि नळाची चावी त्यांच्या हातातच आली. पाणी इतक्या जोराने उसळले की क्षणात सगळी न्हाणी भरली आणि उंबऱ्यावरून पाणी खोलीत यायला लागले. मी जिन्यात जाऊन नुसते “अहो” म्हणाले असेन, तोच मालक लुंगीवर, हातात पाना घेऊन धावत आले, गच्चीवर जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्यांच्या पत्नी फडके घेऊन फरशी पुसायला बसल्या. मी पदर खोचून त्यांच्या शेजारी बसले तर त्यांनी माझ्या हातातले फडके काढून घेतले. वीस मिनिटांत आम्हांला दुसरी खोली मिळाली. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, कारण मी तुझ्या आराखड्याचा विचार करत होते. दाराला आकड्यांचे कुलूप, आकडा पाहुण्याच्या फोनवर, सफाईला दिवसाआड एक मुलगा, न्याहारी जवळच्या हॉटेलातून बांधून. त्या घरात रात्री अकराला नळ निखळला असता तर साठ वर्षांच्या बाईने जिन्यात उभे राहून कोणाला हाक मारायची?

न्याहारीविषयी तू मुद्दाम विचारले होतेस. आदल्या रात्री बाई दोनच गोष्टी विचारतात, चहा किती वाजता आणि तिखट कितपत. पहिल्या सकाळी थालीपीठ, लोण्याचा गोळा, दही आणि खरडा होता. दुसऱ्या दिवशी मिसळ होती आणि ती कोल्हापूरच्या रीतीने पावाबरोबर न देता ब्रेडच्या स्लाइसबरोबर दिली होती. तुझ्या बाबांच्या पित्ताचा विषय बोलता बोलता निघाला होता, तेवढ्यावरून त्यांच्यापुढे कट न घातलेली मटकीची उसळ वेगळ्या वाटीत आली, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही. चहा घेऊन झाल्यावर मी सवयीने दोघांचे कप उचलले आणि मोरीकडे निघाले. बाई म्हणाल्या, “काकू, असू दे ते. घरात रोज तेच करतासा की.” मी कप ठेवले आणि खुर्चीत परत येऊन बसले. बाबारे, लग्नाला अडतीस वर्षे झाली, आणि जेवणखाण झाल्यावर हात मोकळे ठेवून नुसते बसायचे कसे, हे मला त्या खुर्चीत समजेना. आत्याकडे असते तर कप विसळले असते, हॉटेलात असते तर विसळायचा प्रश्नच आला नसता. इथे मी घरातही होते आणि पाहुणीही होते. तिसऱ्या दिवशी मात्र मी दुसरी उशी मागितली आणि चहात साखर कमी घालायला सांगितली. नात्यातल्या घरी हे माझ्याच्याने कधी झाले नसते, आणि ते पैसे भरल्यामुळेच शक्य झाले, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे.

दुपारी बाईंजवळ बसून मी सगळे विचारून घेतले, कारण त्यांनाही कोणीतरी विचारावे असे वाटत असावे. नवरात्र, किरणोत्सव, चैत्र यात्रा आणि मे महिना या दिवसांत खोल्या रिकाम्या राहत नाहीत, आषाढात पावसाने झोडपले की पंधरा-पंधरा दिवस कोणी फिरकत नाही. प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी लागते, परदेशी माणूस उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो, आणि खायला घालायचे म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. चादरी-टॉवेल धुण्याचे काम त्यांनी जितके सांगितले तितके दुसरे काहीच सांगितले नाही. रात्री तांबडा-पांढरा रस्सा करून मिळेल का, असे येणारा प्रत्येक जण विचारतो आणि त्या प्रत्येकाला हसून खाणावळीचा रस्ता दाखवतात, कारण सकाळी सहाला पुन्हा ओट्यापाशी उभे राहायचे असते.

केंद्र शासनाच्या निवास व न्याहारी योजनेची अट त्यांच्याकडूनच मला नीट कळली. भाड्याने द्यायच्या खोल्या सहापेक्षा आणि खाटा बारापेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. तू तुझ्या आराखड्यात खोल्यांची संख्या बरोबर लिहिली आहेस, ही दुसरी अट मात्र लिहिलेली नाही. लोकांच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना मिळवून देणाऱ्या ज्या एअरबीएनबी कंपनीचे उदाहरण तू नेहमी देतोस, त्याची सुरुवातही तूच मला सांगितली होतीस. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत भाडे परवडेना म्हणून दोन तरुणांनी आपल्या घरात हवा भरायच्या गाद्या अंथरून तिघांना ठेवले आणि सकाळी न्याहारी दिली. ते तरुण त्याच घरात राहत होते. इंग्लंडात तू उतरला होतास तेव्हाही तुझ्या पत्रात खोलीबद्दल एक ओळ होती आणि बाकी पानभर त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंबद्दल होते, ज्या तुला अंडी कशी हवीत हे विचारायला रोज दारावर येत आणि तुझा खोकला ऐकून मध घेऊन आल्या. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. परत आल्यावर वाचून पाहा.

आणि आपल्या घराबद्दल आणखी एक सांगायचे आहे, जे तुझ्या बाबांनी तुला कधी सविस्तर सांगितले नसेल. तुझे पणजोबा भुदरगडाकडच्या खेड्यातून शिकायला आले तेव्हा त्यांची या शहरात कोणाशी ओळख नव्हती. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग झाले, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजासाठी बोर्डिंगे निघाली, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. परगावच्या मुलाला निजायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर तो शाळेपर्यंत पोचत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. पणजोबा बोर्डिंगात राहून शिकले, नोकरीला लागले, आणि घर बांधले तेव्हा माडीवरची खोली त्यांनी गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम राखून ठेवली. मी लग्न होऊन आले त्या वर्षीही त्या खोलीत दोन मुले होती आणि त्यांचे डबे मी भरत असे. ज्या खोलीचे भाडे तू आराखड्यात सर्वांत जास्त धरले आहेस, ती हीच.

परवा आम्ही घर उघडले. कुलूप गंजले होते, तेल सोडून अर्धा तास थांबावे लागले. आत वाळवी नाही, भिंतींना ओल आहे ती परड्याच्या बाजूलाच आहे. जिन्याची तिसरी पायरी पिचली आहे. माजघरातल्या देवळीत आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे तशीच होती, एका पाकिटातल्या चार गोळ्या शिल्लक. तुझे बाबा ती हातात घेऊन बराच वेळ उभे होते, मग खिशात ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण रात्री झोपताना त्यांनी मला विचारले की डोंबिवलीत आपले आता काय काम आहे, आणि मला त्यावर चटकन उत्तर देता आले नाही.

म्हणून माझे मत असे आहे. आकड्याचे कुलूप लावून, दुरून फोनवर चालवायचे असेल तर त्या घराला माझी संमती नाही, मग त्यात कितीही पैसा मिळो. त्यापेक्षा एखादे कुटुंब भाडेकरू म्हणून ठेव, निदान संध्याकाळी दिवा लागेल. पण आम्ही दोघांनी इथे येऊन राहावे आणि माडीवरच्या दोनच खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, असे तुला चालणार असेल, तर मी करायला तयार आहे. दोनच खोल्या, तीन नाही, आणि आषाढ-श्रावणात पूर्ण बंद. चादरी धुवायला बाई लागेल आणि तिचा पगार हिशेबात पहिल्या ओळीत धरावा लागेल. न्याहारी मी करीन, कारण मला ते येते आणि कोणी आवडीने खाल्ले तर मला आनंद होतो. गुडघे चालतील तोवर करीन. तुझे बाबा नोंदवही आणि फॉर्म सांभाळतील, नळाचा पाना मात्र त्यांच्या हाती देण्यापूर्वी प्लंबरचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा लागेल. तुमची गृहकर्जाची बाजू मला कळत नाही, त्यामुळे सूनबाईंशी बसून आकडे पुन्हा मांड आणि आम्हांला नि:संकोच सांग. नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही, पण उत्तर मोघम देऊ नकोस.

आज सकाळी निघण्याच्या आधीच बाईंनी मला पाटावर बसवून कुंकू लावले, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले, आणि घरी कुटलेल्या कांदा-लसूण चटणीची पुडी दिली. तू पैसे आधीच ऑनलाइन भरले असल्याने माझ्या हातून द्यायचे काहीच उरले नव्हते, आणि नुसती ओटी घेऊन उठणे मला जमेना. तुझ्या मुलीसाठी महाद्वार रोडवर घेतलेली छोटी कोल्हापुरी चप्पल पिशवीत होती, ती मी त्यांच्या नातीसाठी दिली. तेव्हा पिलूला सांग की तिची चप्पल आजी दुसरी घेऊन येत आहे. स्टेशनवर जाताना घ्यायची आहे, फक्त तिच्या पावलाचे माप मला दुपारपर्यंत कळव, मागच्या वेळची लहान झाली होती.

आत्यांचा दीर सुतार घेऊन मंगळवारी घरी जाणार आहे. पायरी बदलायची की नुसती ठोकायची, ते त्याने पाहून सांगितले की कळवीन. परड्यातला बंब कोणाला विकू नकोस.

सूनबाईंना आणि पिलूला आशीर्वाद.

तुझी,
आई