रूट 66 वरची मोटेलं : टुकमकेरीहून घरी पत्र

टुकमकेरी, न्यू मेक्सिको
ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढा मोठा देश पडलाय, आणि तू जुन्या लॉजांच्या पाट्यांचे फोटो कसले काढत फिरतेस?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. आज खोलीत निवांत बसलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

हा रस्ता म्हणजे रूट 66. 1926 साली त्याला हा क्रमांक मिळाला. शिकागोपासून पॅसिफिकच्या काठावरच्या सँटा मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून जवळजवळ 3,900 किलोमीटर. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमाकडचे शेतकरी उद्ध्वस्त झाले, ते गाडीवर बिऱ्हाड बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्टीवर निघालेली कुटुंबं आली आणि गावोगावी मोटेलं उभी राहिली. बैठी, खोल्यांची एक ओळ, दाराशीच गाडी लावायची सोय, आणि रात्री दुरून दिसेल अशी निऑनची पाटी. पुढे 1956 च्या कायद्याने मोठे इंटरस्टेट महामार्ग आले आणि एकेका गावाला वळसा घालून गेले. शेवटचा वळसा ॲरिझोनातल्या विल्यम्स गावाला पडला, 1984 मध्ये. दुसऱ्याच वर्षी रूट 66 सरकारी यादीतून निघाला. एक्सप्रेसवे झाल्यावर आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. इथे तेच झालं, फक्त हजारो किलोमीटर.

टुकमकेरीत शिरण्याआधी कित्येक मैलांपासून फलक लागायचे : 'टुकमकेरी टुनाइट, 2000 मोटेल रूम्स'. आता तेवढ्या खोल्या कुठल्या! पण ब्लू स्वॅलो मोटेल आहे. 1939 मध्ये बांधायला घेतलेलं, गुलाबी भिंतींचं, खोलीला लागून गाडीपुरतं छोटं गॅरेज. आई, 1958 मध्ये फ्लॉइड रेडमन यांनी हे मोटेल लिलियनबाईंना साखरपुड्याची भेट म्हणून दिलं! बाईंनी पुढची चाळीसेक वर्षं ते चालवलं. पैसे नसलेल्या वाटसरूलाही त्या परत पाठवत नसत, आणि प्रत्येक पाहुण्याला आशीर्वादाचं छापील कार्ड देत. पाटीवर निळा पक्षी आणि खाली '100% रेफ्रिजरेटेड एअर', म्हणजे यंत्राने गार केलेली हवा. वाळवंटातून उन्हात भाजून आलेल्या माणसाला ते वाचून केवढं बरं वाटत असेल!

बाबा, तुमची एमएसईबीतली नोकरी इथे मला रोज आठवते. निऑनच्या नळीला काही हजार व्होल्ट लागतात, म्हणून पाटीमागे ट्रान्सफॉर्मर असतो. खरा निऑन वायू फक्त तांबडा-नारिंगी उजेड देतो. निळा हवा असेल तर अर्गॉनमध्ये थोडासा पारा घालतात. इथली वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे नळी सेकंदाला 120 वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार जलद ठेवलं तर उजेड कमीजास्त येतो, म्हणून ट्रायपॉड लावून सावकाश फोटो घ्यायचा. वेळही एकच, सूर्य मावळल्यावर आभाळ गडद निळं असतं तेवढी मिनिटं. काळोख पडला की नुसती पाटी दिसते, इमारत हरवते. मग पाटी कशावर लावली होती हेच फोटोत उरत नाही.

आणि मला नेमकी इमारत हवी असते. जॉन मार्गोलिस नावाचा फार मोठा छायाचित्रकार होऊन गेला (1940–2016). मोटेलं, पेट्रोलपंप, रस्त्याकाठच्या पाट्या यांचे त्याने वर्षानुवर्षं फोटो काढले. त्याच्या 11,710 स्लाइड्स लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयात आहेत, कुणालाही मोफत वापरता येतात. सकाळचं ऊन, स्वच्छ निळं आभाळ, फोटोत शक्यतो माणूस नाही, गाडी नाही. मी त्या स्लाइड्स बघूनच शिकले. पण दारासमोर धुळीने माखलेली गाडी, खुर्ची टाकून बसलेला म्हातारा प्रवासी, सफाईची ढकलगाडी, हे मला फोटोतून काढावंसं वाटत नाही. मोटेल त्यांच्यामुळेच मोटेल आहे.

ॲरिझोनातल्या हॉलब्रुकचं विगवॅम मोटेल मी आतूनही बघितलं. इथल्या आदिवासींच्या तंबूंसारखे दिसणारे काँक्रीटचे पंधरा शंकू, प्रत्येकात एक खोली. चेस्टर लुइस यांनी ते 1950 मध्ये उघडलं. आराखडा फ्रँक रेडफर्ड यांचा. त्याचा मोबदला ठरला तो असा : खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ ठेवायचे आणि त्यातली नाणी रेडफर्डना पाठवायची. नवा महामार्ग झाल्यावर 1974 मध्ये मोटेल बंद पडलं. लुइस गेल्यावर त्यांच्या मुलांनी 1988 मध्ये ते पुन्हा सुरू केलं. याच घाटाचं कॅलिफोर्नियातलं मोटेल तर पटेल कुटुंबाने सावरलं.

पटेलांचं सांगायचंच आहे. या रस्त्यावरची कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबांमुळे टिकली. स्वतः मागच्या खोलीत राहायचं, नवरा-बायको-मुलांनी सगळी कामं करायची, तेव्हा कुठे हिशेब जुळायचा. एक काळ असा होता की विमा कंपन्या त्यांना विमा द्यायला नाकारत, आणि शेजारची मोटेलं 'अमेरिकन ओन्ड' (मालक अमेरिकन) अशी पाटी लावून गिऱ्हाईक ओढत. 1989 मध्ये भारतीय मालकांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, तिच्यामागे हा सगळा अपमान होता. त्याआधी काळ्या प्रवाशांना तर अनेक मोटेलं खोलीच देत नसत. कुठे थारा मिळेल याची यादी न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन 1936 पासून छापत होते. जुन्या पाट्या सुंदर आहेत म्हणून हे विसरायचं, असं मला जमत नाही.

ॲरिझोनात एका मोटेलच्या ऑफिसात बारडोलीकडच्या काकी भेटल्या. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी चहाच टाकला. म्हणाल्या, "सगळे रस्त्यावर उभे राहून फोटो काढतात आणि जातात. खोली कोणी घेत नाही." तेव्हापासून मी ठरवलंय, ज्या मोटेलचा फोटो काढायचा तिथे जमेल तेव्हा मुक्कामच करायचा. भाडं दिलं तर पाटीची नळी बदलली जाईल, छत गळायचं थांबेल. 1999 च्या कायद्याने नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्यामार्फत दुरुस्तीला अनुदान मिळायला लागलं, त्याने बरीच मदत झाली. पण मोटेल जगतं ते रोजच्या गिऱ्हाइकावर.

उद्या टेक्सासच्या सीमेवर ग्लेनरिओ लागेल. तिथे पडक्या मोटेलची पाटी आहे, तिच्यावर 'टेक्सासमधलं पहिलं मोटेल' असं लिहिलेलं असायचं, उलट बाजूने 'शेवटचं'. फोटोवाल्यांची आवडती जागा. मी तिथे फार रेंगाळणार नाही. मला मिसूरीत लेबननला पोचायचंय. तिथलं मंगर मॉस मोटेल 1946 पासूनचं आहे. बाबा, त्याच्या पाटीचे फोटो तुम्हाला मोठे करून पाठवते, ट्रान्सफॉर्मर दिसला तर त्याचाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, पुढच्या वेळेची वाट बघू नकोस. माझं जेवण ठीक चाललंय, काकींनी थेपले बांधून दिलेत. रविवारी फोन करते.

तुमची,
वृषाली