गोळीचं नाव का नाही पाठवलं

सोलापूर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुऱ्या,

परवा तू फोन आपटलास. 'तू घेत होतास त्या दुसऱ्या गोळीचं नाव तेवढं पाठव की बे, पिंपलवर डॉक्सी आता लागू पडंना, मे मध्ये ताईचं लग्न हाय' म्हणालास, आणि मी नाव सांगणार नाही म्हणल्यावर तुला वाटलं मी शहाणपणा करतोय. तसं नाही रे. बोलता बोलता तू जे सांगितलंस ना, की वर्षभर झालं पीजीच्या खालच्या मेडिकलमधून डॉक्सीची, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची, दहा गोळ्यांची पट्टी आणतो, चेहरा बरा दिसला की बंद करतो आणि परत आलं की परत आणतो, ते ऐकून मला दोन दिवस चैन नाही. कारण अगदी हेच मी केलंय, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. व्हॉट्सअपवर चार ओळीत सांगण्यासारखं नाही हे, म्हणून पत्रच लिहायला बसलो. पूर्ण वाच, मधून सोडू नको.

आणि व्हिडिओ कॉलला तू नेटवर्कचं कारण सांगून कॅमेरा बंद ठेवतोस ते मला कळतं. सेकंड इयरला गॅदरिंगच्या फोटोच्या वेळी मी गायब झालो होतो, सगळ्यांना वाटलं आजारी आहे, तुला एकट्याला खरं कारण माहीत होतं. फोटो सोडून तू माझ्यामागं कंबर तलावावर आलास आणि तासभर काहीही न विचारता नुसता बसलास. ते मी कधीच विसरणार नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो, गोळी वाईट नाही. माझा चेहरा सुधारायला डॉक्सीचाच हात लागला, पण तीच डॉक्सी आधीची दोन वर्षंही माझ्या पोटात जातच होती आणि तेव्हा काही टिकलं नाही, हा फरक कशामुळं पडला तेच तुला सांगायचंय.

शेवटी आई मला हाताला धरून सात रस्त्याजवळच्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मॅडमनी पहिल्या दिवशी काहीच लिहून दिलं नाही, म्हणाल्या, घरात तोंडाला लावायचं जे जे आहे ते सगळं पिशवीत भरून आण. दुसऱ्या दिवशी टेबलावर ओतलं तर सात ट्यूबा निघाल्या. त्यातली एक मॅडमनी बाजूला काढली, तिच्यात स्टिरॉईड होतं. दुकानदारानं 'डाग पण जातील आणि उजळशील पण' म्हणून दिलेली. पहिले पंधरा दिवस चेहरा इतका मऊ झाला होता की मी आणखी दोन आणून ठेवल्या, नंतर सोडली की आग व्हायची आणि बारीक बारीक लाल पुरळ यायचं. ते स्टिरॉईडमुळंच येत होतं आणि मी त्यावर आणखी अँटिबायोटिक खात होतो, म्हणजे आपणच आग लावायची आणि आपणच बादली घेऊन पळायचं. तुझ्याकडंही तसली 'उजळवणारी' क्रीम असेल तर आधी ती डॉक्टरला दाखव.

मग त्यांनी कागदावर एक छिद्र काढून समजावलं. पिंपल म्हणजे नुसते जंतू नाहीत. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी वयात आल्यावर जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी चिकटून बूच बसतं, आत तेल साठतं आणि त्या तेलावर आपल्याच कातडीवर कायम राहणारे जंतू वाढतात, क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नाव त्यांचं, मग शरीर त्यांच्याशी भांडायला लागतं तेव्हा तो लाल ठणकणारा फोड होतो. डॉक्सी यातलं शेवटचं तेवढं बघते, जंतू कमी करते आणि सूज उतरवते. तेल ती कमी करत नाही, बूच काढत नाही. म्हणून गोळी चालू असते तोवर लाल फोड दबतात आणि बंद केली की महिन्या-दीड महिन्यात सगळं परत जागेवर. तुला वाटतं गोळी लागू पडंना. अरे, बूच तसंच आहे ना आत.

बूच काढायचं काम क्रीमचं. मला रात्री अडापलीन दिली होती, वाटाण्याएवढी, आख्ख्या चेहऱ्याला मिळून (मी पिंपलवर टिपके टिपके लावायचो, ते चूक, जिथं अजून फोड आला नाही तिथंच तर ती काम करते). पहिले तीन आठवडे सालपटं निघतात, चुरचुरतं, तेव्हा सोडायची नाही, एक दिवसाआड लावायची. आणि सकाळी बेंझॉईल पेरॉक्साईड, २.५ टक्केवालं.

या पेरॉक्साईडवरून आमच्या घरी काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही. पप्पांनी अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून पार्टीला दाखवायला मरून रंगाचे टॉवेल आणून ठेवले होते, सॅम्पलचे. मी तोंड धुऊन त्यातल्याच एकाला पुसलं आणि दोन दिवसांनी त्यावर नारंगी-पिवळे डाग. आईला वाटलं हळद लागली. पप्पांनी टॉवेल उजेडाला धरला, नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाले, 'हा डाग नाही, रंग गेलाय, ब्लीच कुठनं आलं घरात?' मी ट्यूब आणून दाखवली तर नाव वाचून गप्प झाले. सूत रंगवायच्या आधी पांढरं करायला पेरॉक्साईडच लागतं ना, हायड्रोजन पेरॉक्साईड, आयुष्य गेलं त्यांचं त्यात. मला म्हणाले, मग हे तोंडावर काय करतंय? मॅडमनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, की याच्यातून ऑक्सिजन सुटतो, त्या जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही, आणि अँटिबायोटिकची जशी जंतूंना सवय होते तशी याची होत नाही. म्हणूनच गोळीबरोबर हे लावायला देतात, म्हणजे गोळीला चुकवून जे जंतू वाचतात त्यांना हे गाठतं. पप्पांना ते एका झटक्यात पटलं, माझ्यापेक्षा लवकर. तेव्हापासून माझा टॉवेल पांढरा, उशीचा अभ्रा पांढरा, आणि चादरीची कड तोंडावर ओढून झोपायची सवय मी सोडली कारण आपल्या सोलापुरी चादरीचा रंगही ते खातं.

सवय होते म्हणलो ना, तेच मला तुझ्याबाबतीत सगळ्यात जास्त खुपतंय. दहा गोळ्या खायच्या, थांबायचं, परत दहा खायच्या, यात दर वेळी लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट उरतात, मग त्यांचीच पिल्लावळ. आणि ते नुसते तुझ्या गालावर राहत नाहीत, घरातल्या माणसांच्या अंगावर पण जातात. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात सांगितलं होतं, की औषध कमी पडेल असं घेतलं तर जंतू त्याला दाद द्यायचे बंद होतील. माणूस ऐंशी वर्षांपूर्वी बोलून गेलाय बे आणि आपण अजून काउंटरवर 'ती पिवळी पट्टी द्या' म्हणतोय. पट्टीवर ती लाल रेघ असते बघ, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायलाच असते. मुंबईला पावसाच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून हीच डॉक्सी देतात. किडा चावून होतो त्या स्क्रब टायफसला हीच. कॉलऱ्यात पण हीच. उद्या आपल्यापैकी कुणाला तापानं आडवं केलं तर ती चालायला हवी की नको?

आणि डॉक्सीचं हे टेट्रासायक्लिन घराणं आपल्याला परकं नाही. त्यातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन, १९४८ ला जगापुढं आलं, ते ज्या लेडर्ली कंपनीत सापडलं तिथं संशोधनाचे प्रमुख आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आमच्या शेजारच्या तेलुगू पद्मशाली काकांना मी हे सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला होता.

जंतूंना सवय होऊ नये म्हणूनच मॅडमनी गोळी लिहून देतानाच कागदावर बंद करायची तारीखही लिहून दिली होती. डॉक्सी १०० मिलिग्रॅम, रोज एक, सहा आठवड्यांनी दाखवायला ये, बारा आठवड्यांनी गोळी बंद, क्रीम चालू. साधारण तीन महिने, फार तर चार, त्याच्या पुढं ओढायचं नाही म्हणाल्या. मी विचारलं परत आलं तर? तर म्हणाल्या, ते परत येऊ नये म्हणूनच तर क्रीम. आज दीड वर्ष झालं, गोळी नाही, अडापलीन अजून आठवड्यातून चार रात्री लावतो. एखाददुसरा फोड येतो, जातो.

आता तू मागत होतास ती दुसरी गोळी. ती मिनोसायक्लिन होती, मला तीपण दुकानातनंच मिळालेली. डॉक्सीच्याच घराण्यातली, पिंपलवर डॉक्सीपेक्षा भारी आहे असं काही नाही, पण त्रास मात्र वेगळे आहेत, मला तर आठ दिवस उठलं की चक्कर यायची. काहींना कातडीवर निळसर काळपट डाग पडतात, क्वचित लिव्हरवर येतं. नाव कळलं तुला आता, पण आणू नकोस, माझी शपथ आहे. अझिथ्रोमायसिन, ते दुसरं अँटिबायोटिक, ते पण नको, त्या जातीच्या गोळ्यांना हे जंतू आता लई ठिकाणी दाद देत नाहीत.

सुऱ्या, तू गोळी कशी घेतोस ते पण मला माहितीय, रात्री गादीवर पडल्या पडल्या एक घोट पाण्याबरोबर. मी तशीच घ्यायचो. एके दिवशी पहाटे छातीत असं दुखायला लागलं की घास काय, थुंकी गिळवंना, मला वाटलं हार्टचंच काहीतरी, आई रडायला लागली, रिक्षा करून दवाखान्यात गेलो. गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली होती आणि तिथं जखम झाली होती. चार दिवस नुसती पेज आणि ताक. त्यामुळं जेवणानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध हे तिच्याबरोबर घ्यायचं नाही, दोन-तीन तास अंतर ठेवायचं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही.

आणि ऊन! त्या वर्षी गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी मी बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून अडुसष्ट लिंगांना नंदीध्वजांमागं सकाळपासून चाललो, जानेवारीचं ऊन ते काय असं मनात. संध्याकाळी नाक, कपाळ आणि हाताचे पंजे असे भाजले होते की पाणी लागलं तरी कळ यायची. बाकी पोरं पण त्याच उन्हात होती, त्यांना काही नाही. डॉक्सीवर असताना कातडी उन्हाला लई हळवी होते. मे महिन्यात इथं पारा त्रेचाळीसला जातो आणि तू वरातीत भर दुपारी नाचणार, म्हणून सांगतोय, सनस्क्रीन आणि टोपी, हसणाऱ्यांना हसू दे.

आता दोन गोष्टी ज्यासाठी मी खरंतर परवा रात्रीच तुला परत फोन लावला होता आणि तू उचलला नाहीस. तुझ्या रूममेटनं दिलेल्या त्या पिंपलवरच्या आयसोट्रेटिनॉईनच्या कॅप्सूल, त्या डॉक्सीबरोबर घेऊ नकोस. दोन्ही एकत्र घेतलं तर डोक्यातला दाब वाढू शकतो, सडकून डोकं दुखतं, नजर अंधुक होते. औषध म्हणून ती जबरदस्त आहे, जास्त त्रासाला तीच देतात, पण रक्त तपासून आणि डॉक्टरच्या नजरेखाली. आणि ताईला यातलं काहीही देऊ नकोस. तू म्हणालास ना, ताईनं पण तुझ्या पट्टीतल्या चार घेतल्या. लग्न होतंय तिचं. दिवस राहिल्यावर डॉक्सी चालत नाही, पोटातल्या बाळाच्या दातावर, हाडावर परिणाम होतो, आणि त्या कॅप्सूलनं तर बाळात गंभीर व्यंग येतं. तिला आजच फोन करून सांग, लाजू नको, नसेल जमत तर मी आईला सांगायला लावतो.

लग्नापर्यंत सगळं जाईल का? नाही जाणार. गोळीचा फरक दिसायलाच सहा-आठ आठवडे लागतात आणि आपल्याकडं पाच आहेत. ठणकणारे मोठे फोड तेवढे पुष्कळ बसतील. राहतात ते काळे डाग, ते फोड बरा झाल्यावर कातडी मागं ठेवते, ते कुठल्याच अँटिबायोटिकनं जात नाहीत, महिन्यांनी आपोआप फिके होतात. मी हेच डाग बघून 'गोळी लागू पडंना' म्हणत नवीन पट्टी आणायचो. तू पण आरशात डाग मोजतोयस का बघ एकदा.

या आठवड्यात एक सुट्टी काढ. प्रायव्हेट परवडत नसेल तर ससूनला स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. सगळ्या ट्यूबा आणि पट्ट्या पिशवीत घालून ने, वर्षभरात किती वेळा गोळी खाल्ली ते खरं सांग. डॉक्टर आधी थोडं बोलतील, ऐकून घे. आणि गोळी दिली तर बंद कधी करायची ते तिथंच विचारून लिहून घे.

शनिवारी रात्री नऊला मी फोन करतो, कागद समोर घेऊन बस आणि कॅमेरा चालू ठेव. ताईच्या लग्नाला पप्पांनी टॉवेलचा सेट काढून ठेवलाय, आणि तुझ्यासाठी वेगळे दोन पांढरे, ते मी येणाऱ्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवतो, बस कुठली ते सांगतो, स्वारगेटला उतरवून घे.

तुझाच,
बाळ्या