पार्ट मिळतो हो, पण टिकत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख ई-पेपरवर वाचला. मस्त होता, फोटो तर एक नंबर. पण त्यातलं एक वाक्य काही पचलं नाही म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की परदेशात क्लासिक गाडी सांभाळणं सोपं, कारण तिकडे पाहिजे तो स्पेअर पार्ट घरपोच येतो आणि आपल्याकडे मात्र एकेका पार्टसाठी भंगारबाजार पालथे घालावे लागतात. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि माझ्याकडे १९७० सालची एमजीबी आहे, त्यामुळे यातला घरपोच येणारा भाग कसा असतो ते जरा सांगतो.

एमजीबी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. १९६२ ते १९८० अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, जीटी म्हणजे बंद टपाची धरून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या, म्हणून तिच्या पार्टचा इथे अजून जोरात धंदा चालतो. आणि ही गाडी आपल्याला वाटते तेवढी परकीपण नाही बरं का. हिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची पालिका नव्हे) बी-सिरीज नावाच्या इंजिनांतलं, आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं. ज्याने अँबॅसडरच्या बोनेटखाली हात काळे केलेत त्याला एमजीबीचं बोनेट उघडल्यावर लगेच ओळख पटेल.

तर विषय हीटर व्हॉल्व्हचा. इंजिनच्या हेडवर, म्हणजे वरच्या झाकणासारख्या भागावर, मागच्या बाजूला दोन स्टडवर (आट्यांच्या खिळ्यांवर) बसवलेला हा छोटा कॉक, डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की केबल ओढली जाते, कॉक उघडतो, हेडमधलं गरम पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरून लोखंडी पाइपने परत पंपाकडे जातं. बस, एवढंच. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत हीटर ऑप्शनल होता, म्हणजे इंग्लंडातल्या थंडीत हीटर पाहिजे तर जास्तीचे पैसे मोजा, आणि नको असेल तर कॉकच्या जागी हेडवर नुसती पट्टी मारलेली असायची!

पन्नास वर्षांनी आतलं रबर कडक होणारच, तसं माझं झालं. व्हॉल्व्हभोवती पांढरट हिरवट क्षार जमायला लागला, गाडी बंद केल्यावर बोनेटमधून कूलंटचा गोडसर वास यायचा. मग काय, नवीन मागवला, दोन दिवसात दारात हजर, चकचकीत डबा, वर ओरिजनलसारखाच नंबर छापलेला. बसवताना लक्षात आलं की हेडवर टेकणारी बाजूच सपाट नाही, काचेवर ठेवला तर डुगडुगतोय, पॉलिश पेपर काचेवर टाकून घासत बसलो तेव्हा कुठे ती बाजू लागली. एक हिवाळा कसाबसा गेला आणि दांड्याच्या बुडातून ठिबकायला लागला. दुकानवाल्याने कुरकुर न करता बदलून दिला हे खरं, पण बदलून आलेलापण त्याच मालातला, तो तर धड बंदच होईना, जूनमध्ये पाय भाजायला लागले. इथल्या मालकांशी बोलावं तर प्रत्येकाची हीच रड. काही जण वैतागून पाइपच्या मध्ये प्लंबरकडचा पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकतात, चालतो तो, पण चालू बंद करायला बोनेट उघडायचं. मी ज्या गॅरेजला गेलो तिथे सल्ला मिळाला की हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून बायपास मारा, हीटरच नको. नोव्हेंबरमध्ये सकाळी काचेवर वाफ धरली की समोरचं काही दिसत नाही, आणि म्हणे हीटर नको.

नशीब की जुना व्हॉल्व्ह फेकला नव्हता. दिवाळीला गावी येताना बॅगेत टाकला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, वडिलांच्या ओळखीच्या एका टर्नरकडे नेला. त्यांनी एमजी नावाची गाडी आयुष्यात पाहिली नव्हती आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. हातात घेऊन दोनदा दांडा हलवला, म्हणाले बॉडी चांगली हाय की, वरची टोपी काढूया. टोपीच्या कडा पत्र्याने मुडपलेल्या असतात, त्या बारीक छिन्नीने हळूहळू उठवल्या, एकही तुटू दिली नाही. आत रबराचा डायफ्रॅम, म्हणजे पडदा, पार पापडासारखा झालेला. कापड घातलेलं रबर शीट येतं, पंपाच्या डायफ्रॅमला वापरतात ते, त्यातून नवीन कापला, जुन्याच्या मापाने भोकं पाडली. पाणी अडवायची जी आतली बैठक तिला खड्डे पडलेले, ती लेथवर एक हलका कट मारून साफ केली, हेडवर टेकणारी बाजूपण लेथवरच सरळ केली, कडा परत मुडपल्या आणि बादलीत बुडवून हवेचं प्रेशर देऊन दाखवलं, एक बुडबुडा नाही. पैसे किती घेतले ते लिहीत नाही, लिहिलं तर इथले मित्र तिकिटं काढून कोल्हापूरला येतील.

म्हणून लेखकाला सांगायचंय की तुमच्याकडे पार्टचा कॅटलॉग नाही हे मान्य, पण पार्ट जिवंत करणारी माणसं आहेत, इकडे ती शोधून सापडत नाहीत आणि सापडली तर त्यांच्या तासाचा रेट ऐकून गाडी विकावीशी वाटते. पुढच्या पुरवणीत रॅलीतल्या फेट्यांच्या फोटोंसोबत उद्यमनगर, पुण्याची नाना पेठ, मुंबईचं कुर्ला इथल्या अशा दोन चार कारागिरांनाही जागा द्या की.

आपल्याकडेपण जुन्या गाडीचा हीटर गळला की मेकॅनिक पहिलं वाक्य बोलतो, आपल्याला कुठं हीटर लागतोय, बायपास मारू. मारू देऊ नका. पावसाळ्यात आंबोलीला काच धुकटली की कळेल, आणि चढाला टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल करायचा, तो छोटा रेडिएटर इंजिनची थोडी तरी उष्णता ओढून घेतो, आपण घामाघूम होतो पण गाडी वर पोचते. आधी गळती नक्की कुठून ते बघा. एमजीबीसारख्या गाडीत व्हॉल्व्ह बोनेटखाली असतो त्यामुळे आतला कार्पेट ओला असेल तर दोष बहुतेक हीटरच्या रेडिएटरचा किंवा त्याच्या पाइपचा, व्हॉल्व्हला शिव्या देऊ नका. खोलायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर. सगळं पाणी काढायची गरज नाही, हेडच्या खाली उतरेल एवढं काढलं की पुरे, पण ते भांड्यात धरा, कूलंट गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी असतं. गंजलेल्या स्टडला आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा, जोर लावला आणि हेडमध्ये तुटला तर काम दुप्पट. नट दोन्हीकडे थोडे थोडे आवळा, एकच बाजू कचकचून पिळली की व्हॉल्व्हचा कान तुटतो. आणि परत पाणी भरताना हीटर उघडा ठेवायला विसरू नका, नाहीतर आत हवा अडकते, काटा नॉर्मल दाखवतो, हीटर मात्र गार, आणि माणूस म्हणतो नवीन व्हॉल्व्हपण खराब निघाला.

आपला,
कोल्हापूरचा एक वाचक
(सध्या मुक्काम इंग्लंड)